भेंडीवरचा केवडा : विषाणूची जनुके आणि त्याची लागण

भेंडीच्या पिकावर केवडा येतो तेव्हा पहिली खूण शेंड्याजवळच्या कोवळ्या पानांवर दिसते. पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, शिरांमधला भाग मात्र हिरवाच राहतो, आणि पान उन्हाकडे धरले की पिवळी जाळी स्वच्छ दिसते. पुढच्या पानांत शिरा जाड होतात, पिवळेपणा शिरांच्या बाहेर पसरतो, आणि नंतर येणारी पाने संपूर्ण पिवळी, कधी जवळजवळ पांढरट निघतात. झाड खुजे राहते, फुले कमी लागतात, आणि जी भेंडी धरते ती आखूड, पिवळसर व कडक होते. अशी भेंडी खाल्ल्याने माणसाला काही होत नाही, कारण वनस्पतींचे विषाणू माणसाला बाधत नाहीत. पण बाजारात तिला गिऱ्हाईक नसते. शास्त्रीय ग्रंथांत या रोगाला ‘यलो व्हेन मोझॅक’ म्हणतात. शेतकरी केवडा म्हणतात, काही भागांत हळद्याही म्हणतात.

या रोगाचे उदाहरण म्हणून खारबाव घेऊ. हे ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडी तालुक्यातले, वसई रोड–दिवा लोहमार्गावरचे गाव. या पट्ट्यातली शेती मुळात भाताची. भात कापून झाल्यावर जिथे विहिरीचे, बोअरचे किंवा ओढ्याचे पाणी मिळते तिथे भाजीपाला होतो, आणि त्यात भेंडीला मोठे स्थान आहे. भिवंडी, शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत भातानंतरची भेंडी हे रोख पैसा देणारे पीक आहे. कल्याण, वसई, ठाणे, मुंबई या बाजारपेठा हाताशी आहेत आणि भेंडी एक दिवसाआड तोडावी लागत असल्याने हे जवळचे अंतर फार मोलाचे ठरते. पेरणीनंतर साधारण दीड महिन्याने पहिला तोडा सुरू होतो व पुढे दोनेक महिने चालतो. सगळे उत्पन्न या थोड्या आठवड्यांत गोळा व्हायचे असते, म्हणून केवडा केव्हा आला यावर नुकसानीचा आकडा ठरतो. पीक लहान असताना लागण झाली तर जवळजवळ सगळे उत्पन्न जाते. तोडे निम्म्यावर आल्यावर झाली तर निम्म्याच्या आसपास. विक्रीयोग्य उत्पन्नातली घट ५० ते ९४ टक्के इतकी असू शकते, असे भारतीय प्रयोगांतून नोंदले गेले आहे. जगात सर्वाधिक भेंडी भारतात पिकते, त्यामुळे या एका रोगाचा अभ्यास म्हणजे किरकोळ पिकाचा किरकोळ प्रश्न नव्हे.

या अभ्यासाचा उगम महाराष्ट्रातच आहे. जी. एस. कुलकर्णी यांनी १९२४ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातल्या पिकांवरील मोझॅक रोगांची माहिती प्रसिद्ध केली. भेंडीवरच्या या रोगाची ती पहिली नोंद मानली जाते. १९४० साली बी. एन. उप्पल, पी. एम. वर्मा आणि एस. पी. कपूर यांनी ‘करंट सायन्स’मध्ये या रोगाचे विषाणुजन्य स्वरूप मांडले आणि आज रूढ असलेले नाव दिले. १९५० साली कपूर व वर्मा यांचा सविस्तर अभ्यास आला, आणि १९५२ साली वर्मा यांनी विषाणू व पांढरी माशी यांच्या नात्यावर स्वतंत्र काम प्रसिद्ध केले.

या मंडळींचे काम आजही वाचण्यासारखे आहे, कारण विषाणू डोळ्यांनी पाहण्याची सोय नसताना त्यांनी तो केवळ लागणीच्या प्रयोगांनी ओळखला. रोगट झाडाचा रस काढून निरोगी पानावर चोळला तर काहीच होत नाही. तंबाखूच्या मोझॅकसारखे अनेक विषाणू या साध्या उपायाने झाडात शिरतात. केवड्याचा शिरत नाही. रोगट झाडाच्या बियांपासून उगवलेली रोपे निरोगी येतात. पण रोगट फांदीचे कलम निरोगी झाडावर बांधले तर रोग उतरतो, आणि रोगट पानावर काही काळ बसलेली पांढरी माशी निरोगी रोपावर सोडली तरी उतरतो. या चार निष्कर्षांवरून त्यांना कळले की रोगाचे कारण झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहते, बाहेरच्या पेशींत सहज मुरत नाही, आणि शेतात त्याला नेणारे वाहन पांढरी माशी हेच आहे. मादी माशी नरापेक्षा अधिक चांगल्या रीतीने लागण पोचवते, हेही त्या काळीच लक्षात आले होते.

‘लागण’ या शब्दाखाली दोन वेगळ्या घटना दडलेल्या असतात. विषाणू झाडात शिरून वाढणे ही एक, आणि झाडाला रोग होणे ही दुसरी. शेतात दोन्ही एकदमच दिसतात म्हणून त्या एकच वाटतात. केवड्याच्या जनुकीय अभ्यासाने मिळवलेले सर्वांत मोठे यश म्हणजे या दोन घटनांना वेगळे करून दाखवणे, आणि दोहोंची जनुके प्रत्यक्षात दोन वेगळ्या रेणूंवर बसलेली आहेत हे सिद्ध करणे.

तिथपर्यंत पोचायला बराच काळ लागला. पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या या गटातल्या विषाणूंचे कण फार लहान, सुमारे १८ ते २० नॅनोमीटर रुंद आणि ३० नॅनोमीटर लांब असतात, आणि दोन-दोन कण जुळ्यासारखे चिकटलेले असतात. यावरूनच १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांना जेमिनीव्हायरस असे नाव मिळाले. त्याच सुमारास कळले की त्यांच्यातला जनुकीय पदार्थ एकपदरी वर्तुळाकार डीएनए आहे. वनस्पतींच्या बहुसंख्य विषाणूंत आरएनए असतो, त्यामुळे हा शोध अनपेक्षित होता. पांढरी माशी ज्यांची वाहक आहे अशा जेमिनीव्हायरसांची प्रजाती बेगोमोव्हायरस या नावाने ओळखली जाते. भेंडीचा विषाणू तिच्यातलाच.

त्याचे मुख्य वर्तुळ सुमारे २७०० न्यूक्लिओटाइडांचे, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचे, आहे. मानवी जनुकसंचात हीच अक्षरे तीनशे कोटींच्या घरात असतात. एवढ्याशा जागेत सहाएक जनुके बसवण्यासाठी विषाणूने वर्तुळाच्या दोन्ही दिशांचा उपयोग केला आहे आणि काही जनुके एकमेकांवर चढवली आहेत. एका दिशेला आवरणाच्या प्रथिनाचे जनुक एव्ही१ आणि त्याच्या आधीचे एव्ही२ आहे. उलट दिशेला एसी१ ते एसी४ अशी चार आहेत. एसी१ पासून बनणारे प्रथिन विषाणूच्या प्रती काढण्याची सुरुवात करते, एसी२ इतर जनुकांना चालना देते, एसी३ प्रती काढण्याचा वेग वाढवते, आणि एसी४ वनस्पतीच्या प्रतिकाराला अडवण्यात भाग घेते. दोन दिशांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात ‘टीएएटीएटीटीएसी’ ही नऊ अक्षरांची ओळ असते. सर्व जेमिनीव्हायरसांत जवळजवळ तशीच आढळणारी ही ओळ म्हणजे प्रती काढण्याचे आरंभस्थान. एसी१चे प्रथिन तिथेच डीएनएला छेद देते.

विषाणूकडे स्वतःचा डीएनए पॉलिमरेझ नाही. प्रती काढण्याचे सगळे काम तो वनस्पतीच्या पेशीकेंद्रातल्या यंत्रणेकडून करून घेतो. अडचण अशी की वाढ पूर्ण झालेल्या पेशीत ही यंत्रणा बंद असते. एसी१चे प्रथिन पेशीच्या विभाजनावर ताबा ठेवणाऱ्या एका प्रथिनाला जाऊन चिकटते आणि विसावलेल्या पेशीला डीएनए बनवण्याच्या अवस्थेत परत ढकलते. शिरांच्या आसपासच्या पेशी आधी का पिवळ्या पडतात आणि शिरा जाड का होतात, याचे एक कारण इथे आहे: विषाणू अन्नवाहिन्यांच्या पेशींत राहतो आणि त्याच पेशींचे काम तो बिघडवतो.

डीएनए वाचण्याआधी तो भेंडीतून बाहेर काढावा लागतो, आणि भेंडी कापताना हाताला लागणारा चिकट बुळबुळीतपणा प्रयोगशाळेतही आडवा येतो. तो पदार्थ डीएनएबरोबरच निघतो आणि पुढच्या रासायनिक क्रिया अडवतो. मदुराई कामराज विद्यापीठातल्या जे. जोस आणि आर. उषा यांनी २००० साली अशा बुळबुळीत झाडातून जेमिनीव्हायरसचा डीएनए शुद्ध काढण्याची पद्धत वेगळा लेख लिहून दिली. असे लेख फारसे गाजत नाहीत, पण त्यांच्याशिवाय पुढचे काम झालेच नसते.

२००३ साली याच दोघांनी ‘व्हायरॉलॉजी’ या नियतकालिकात केवड्याच्या कारणाचा पक्का पुरावा मांडला. रोगट झाडात त्यांना मुख्य वर्तुळाबरोबरच आणखी एक लहान, सुमारे १३५० अक्षरांचे वर्तुळ सापडले. त्याला आज बीटासॅटेलाइट किंवा बीटा उपग्रह म्हणतात. मग त्यांनी दोन्ही वर्तुळांची लागण वेगवेगळी आणि एकत्र करून पाहिली. मुख्य वर्तुळ एकटे दिले तेव्हा विषाणू भेंडीच्या झाडभर पसरला, पण पाने थोडी मुडपण्यापलीकडे काही झाले नाही. बीटा उपग्रह जोडीला दिला तेव्हाच शिरा पिवळ्या पडल्या आणि शेतात दिसतो तो केवडा प्रयोगशाळेत हुबेहूब उभा राहिला. लागण करणे हे मुख्य विषाणूचे काम, रोग घडवणे हे बव्हंशी उपग्रहाचे, असा निकाल त्यातून निघाला.

हा प्रयोग करण्यासाठी पांढऱ्या माशीचा उपयोग होत नाही, कारण माशी झाडातले जे असेल ते सगळे घेऊन जाते. एकच रेणू निवडून दे असे तिला सांगता येत नाही. त्यासाठी अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या मातीतल्या जिवाणूची मदत घेतात. हा जिवाणू निसर्गतःच आपल्या डीएनएचा एक तुकडा वनस्पतीच्या पेशीत सोडतो आणि झाडाच्या बुंध्यावर गाठी आणतो. गाठी आणणारी जनुके काढून त्या जागी विषाणूचे वर्तुळ दीड-दोनदा सलग जोडून बसवले की जिवाणू तेही तसेच पेशीत नेऊन टाकतो. सलग दोन प्रती असल्याने दोन आरंभस्थानांच्या मधला भाग सुटा होतो आणि पूर्ण वर्तुळ तयार होते. विषाणू एकदा सुरू झाला की पुढचे काम त्याचे तोच करतो. कोवळ्या रोपाच्या खोडात शेंड्याजवळ सुईने हे जिवाणू टोचतात, रोपे कीटक शिरू शकणार नाहीत अशा काचघरात ठेवतात आणि दोन-तीन आठवडे पाहतात. सोबत रिकामा जिवाणू टोचलेली रोपेही ठेवावी लागतात, नाहीतर टोचण्यामुळे झालेली इजा आणि विषाणूमुळे झालेला रोग यांत फरक करता येत नाही. शेवटी नव्या पानांतून विषाणू पुन्हा वेगळा करून तो मूळचाच आहे हे तपासतात. रॉबर्ट कॉख यांनी एकोणिसाव्या शतकात जिवाणूजन्य रोगांसाठी घातलेली अट अशा रीतीने विषाणूंच्या बाबतीतही पुरी होते.

केवळ डीएनएची अक्षरे वाचून रोगाचे कारण ठरवण्याची सवय वाढत आहे, आणि ती घातक आहे. आज वर्तुळाकार डीएनए वेगाने वाढवणारी विकरे मिळतात, पानाच्या एका तुकड्यातून विषाणूचे सगळे वर्तुळ थोड्या दिवसांत वाचता येते. पण रोगट झाडात सापडलेला प्रत्येक विषाणू रोगाचे कारण नसतो. एकाच झाडात दोन-तीन विषाणू, बीटा उपग्रह आणि स्वतःच्या प्रती स्वतः काढू शकणारे अल्फा उपग्रह असे एकत्र नांदत असतात. त्यांतले कोण रोग करते, कोण फक्त सोबत करते, हे लागणीच्या प्रयोगाशिवाय सांगता येत नाही.

बीटा उपग्रहाचा शोध भेंडीपुरता नव्हता. इंग्लंडमध्ये नॉर्विच येथील जॉन इनेस केंद्रात ओसाडी या तणावरील पिवळ्या शिरांच्या रोगात २००० साली, आणि पाठोपाठ पाकिस्तान व भारतातल्या कापसाच्या पर्णगुच्छ रोगात असे उपग्रह आढळले होते. त्याच केंद्रातल्या संशोधकांनी जपानी सहकाऱ्यांबरोबर २००३ साली आणखी एक गोष्ट दाखवली. सन ७५२ मध्ये जपानची सम्राज्ञी कोकेन हिने उन्हाळ्यातच पिवळ्या पडलेल्या एका वनस्पतीवर कविता लिहिली होती. वनस्पतींच्या विषाणूरोगाची ती सर्वांत जुनी लेखी नोंद समजली जाते. त्या वनस्पतीचा पिवळेपणा बेगोमोव्हायरस आणि बीटा उपग्रह यांच्या जोडीनेच येतो, हे आता प्रयोगाने सिद्ध झाले आहे. भेंडीच्या पानातली ही जोडी म्हणजे अलीकडचे संकट नव्हे, फार जुनी भागीदारी आहे.

उपग्रहाकडे काम करणारे एकच जनुक आहे, बीटासी१. त्यापासून सुमारे ११८ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन बनते. उपग्रहाला स्वतःच्या प्रती काढता येत नाहीत, स्वतःचे आवरणही नाही; दोन्हींसाठी तो मुख्य विषाणूवर अवलंबून आहे. बदल्यात तो वनस्पतीचा प्रतिकार मोडून काढतो. वनस्पतींच्या पेशी परक्या आरएनएचे तुकडे करून त्याचे काम थांबवतात. ही त्यांची विषाणूविरोधी संरक्षणव्यवस्था. मदुराईच्याच प्रयोगशाळेने २००७ साली दाखवले की भेंडीच्या विषाणूतले एसी४ आणि उपग्रहातले बीटासी१ ही दोन्ही प्रथिने या व्यवस्थेला दाबतात. याच गटातल्या इतर उपग्रहांवर झालेल्या प्रयोगांत बीटासी१चे जनुक बिघडवले की रोगाची लक्षणे नाहीशी होतात, आणि ते एकटेच तंबाखूच्या कुळातल्या झाडात घातले तर विषाणू नसतानाही पाने वेडीवाकडी येतात.

उपग्रह मुख्य विषाणूच्या बाबतीत फार चोखंदळ नसतो. एकच उपग्रह अनेक वेगवेगळ्या बेगोमोव्हायरसांबरोबर राहू शकतो. भेंडीच्या दृष्टीने हीच काळजीची बाब आहे. एका झाडात दोन विषाणू एकत्र आले की उपग्रहांची अदलाबदल होते, आणि प्रती काढताना एका विषाणूचा तुकडा दुसऱ्याला जोडला जाऊन संकरित विषाणूही तयार होतात. शिवाय डीएनएचे असूनही हे विषाणू आरएनए विषाणूंच्या तोडीच्या वेगाने बदलतात. भारतातल्या भेंडीत आज एकच विषाणू नाही. मूळ भेंडी यलो व्हेन मोझॅक विषाणूखेरीज दिल्ली, हरियाणा आणि भुवनेश्वर यांच्या नावांनी ओळखले जाणारे वेगळे विषाणू आहेत, पानांच्या मागे उंचवटे आणणारा एनेशन लीफ कर्ल विषाणू आहे, आणि एकाच्या जागी दोन मुख्य वर्तुळे असलेलेही आहेत. संपूर्ण वर्तुळाची तुलना करून ९१ टक्क्यांहून कमी साम्य आढळले तर तो वेगळा विषाणू मानायचा, अशी आंतरराष्ट्रीय रूढी आहे.

वाहकाची बाजूही जनुकांशी बांधलेली आहे. पांढरी माशी अन्नवाहिनीत सोंड घालून रस शोषते तेव्हा विषाणूचे कण तिच्या आतड्यातून रक्तद्रवात, तिथून लाळग्रंथीत जातात आणि पुढच्या झाडावर लाळेतून उतरतात. या प्रवासाला काही तास लागतात; नंतर माशी बराच काळ, बहुधा मरेपर्यंत, रोग पसरवू शकते. कोणता कीटक कोणता विषाणू नेईल हे आवरणाच्या प्रथिनावर ठरते. नॉर्विचमध्ये १९९० साली कॅसावाच्या विषाणूचे आवरण काढून त्या जागी तुडतुड्यांनी पसरणाऱ्या बीटच्या विषाणूचे आवरण बसवले, तेव्हा पांढऱ्या माशीचा विषाणू तुडतुड्यांना नेता येऊ लागला. यावरून लागणीच्या प्रयोगांची मर्यादाही ध्यानात येते. जिवाणूतून टोचलेला विषाणू काचघरात उत्तम वाढला म्हणून तो शेतात पसरेलच असे नाही. आवरणात एखादा बदल झाला असेल तर माशी त्याला उचलणार नाही. म्हणून टोचणी आणि माशी, दोन्ही रीतींनी तपासलेला निष्कर्षच भरवशाचा.

आता वनस्पतीच्या जनुकांकडे. केवड्याला तोंड देणारी भेंडी शोधण्याचे काम स्वातंत्र्यानंतर लगेच सुरू झाले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत पश्चिम बंगालमधल्या आयसी १५४२ या वाणाचा पुसा मखमलीशी संकर करून पुसा सावनी हा वाण काढला गेला. १९६०च्या सुमारास तो देशभर पोचला आणि काही वर्षे केवड्याच्या भागांतही चांगला आला. पण आयसी १५४२ हा खऱ्या अर्थाने प्रतिकारक नव्हता. विषाणू त्याच्यात शिरत होता, लक्षणे मात्र उमटत नव्हती. पुसा सावनीची ताकदही काही वर्षांत ओसरली. लागण आणि रोग यांतला फरक त्या वेळी तपासण्याचे साधनच नव्हते, त्यामुळे दोष कुणाला देता येत नाही. मात्र आज ते साधन आहे.

शेतातल्या भेंडीत प्रतिकार सापडेना, तेव्हा लक्ष तिच्या रानटी नातेवाइकांकडे गेले. नरियानी आणि सेठ यांनी १९५८ साली अनेक जातींना विषाणू देऊन पाहिला तेव्हा अबेलमॉस्कस मॅनिहॉटसारख्या काही जातींना लागणच झाली नाही. सह्याद्रीच्या उतारांवर आणि कोकणातही पावसाळ्यात उगवणारी रानभेंडी याच कुळातली. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी भेंडी आणि मॅनिहॉट यांचा संकर केला. हे सोपे नव्हते. लागवडीच्या भेंडीत साधारण १३० गुणसूत्रे असतात, मॅनिहॉटमध्ये सुमारे निम्मी. पहिल्या पिढीची झाडे वाढतात पण त्यांना फारसे बी धरत नाही. पुसा सावनीशी पुन्हा पुन्हा संकर करत, प्रत्येक पिढीत प्रतिकारक झाडे निवडत त्यांनी परभणी क्रांती हा वाण सिद्ध केला. तो १९८५ साली प्रसारित झाला. १९८१ साली ‘थिऑरेटिकल अँड अप्लाइड जेनेटिक्स’मध्ये त्यांनी दाखवले होते की रानटी जातीतून आलेला हा प्रतिकार एकाच प्रभावी जनुकावर आहे. महाराष्ट्रातल्या वनस्पती-प्रजननाच्या इतिहासात या कामाची जागा फार वरची आहे. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने रानटी जातीच्याच आधारे अर्का अनामिका आणि अर्का अभय हे वाण दिले.

प्रतिकार किती जनुकांवर अवलंबून आहे, याबद्दल मात्र अभ्यासकांत एकमत नाही. कुणाला एक प्रभावी जनुक सापडले, कुणाला एकमेकांना पूरक अशी दोन प्रभावी, कुणाला दोन अप्रभावी. जनकवाण वेगळे होते हे एक कारण, पण लागणीची रीत हे अधिक महत्त्वाचे. बहुतेक चाचण्या उघड्या शेतात, माश्या आपोआप येतील या भरवशावर झाल्या. ज्या झाडावर विषाणू घेतलेली माशी बसलीच नाही, ते झाडही प्रतिकारक म्हणून मोजले गेले. अशी काही झाडे जरी चुकीच्या रकान्यात गेली तरी प्रतिकारक व रोगट झाडांचे नवास सात हे प्रमाण तीनास एककडे झुकते आणि जनुकांची संख्या बदलते. वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळे विषाणू होते, हे तर त्या काळी माहीतच नव्हते.

परभणी क्रांतीवरही पुढे केवडा दिसू लागला. विषाणू बदलला, त्याची उपग्रहाशी जोडी बदलली, पांढरी माशी वाढली. तिन्ही कारणे एकत्र काम करतात. एकाच जनुकावर उभा असलेला प्रतिकार झपाट्याने बदलणाऱ्या विषाणूपुढे फार वर्षे टिकत नाही. यावर उपाय म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या रानटी जातींतली जनुके एकाच वाणात आणण्याचे प्रयत्न चालू आहेत.

खारबावसारख्या गावात पांढरी माशी थंडीत कमी असते आणि ऊन वाढू लागले की वाढते, म्हणून भातानंतर लवकर पेरलेल्या भेंडीचे बरेचसे तोडे केवड्याआधी निघून जातात. उशिरा पेरलेल्या पिकाला ही सवलत मिळत नाही. बांधावरची ओसाडीसारखी तणे आणि जुन्या भेंडीची न उपटलेली झाडे दोन हंगामांमध्ये विषाणू जिवंत ठेवतात. पहिली चार-दोन पिवळी झाडे दिसताच उपटून शेताबाहेर नेणे, पिवळे चिकट सापळे लावणे, शेताच्या कडेने मक्याच्या दाट ओळी लावणे हे उपाय उपयोगी आहेत. एकाच कीटकनाशकाची वारंवार फवारणी मात्र टाळलेली बरी. पांढरी माशी औषधांना लवकर सरावते.

खारबावच्या भेंडीतला विषाणू कोणता, हे मदुराई किंवा दिल्लीच्या नोंदींवरून ठरवता येणार नाही. तो तिथल्याच पानांतून वाचावा लागेल. त्यासाठी हंगामाच्या सुरुवातीचे आणि शेवटचे नमुने वेगळे घ्यावे लागतात, मुख्य वर्तुळाबरोबर उपग्रहही शोधावा लागतो, आसपासच्या तणांचे नमुने घ्यावे लागतात, आणि हाती आलेल्या रेणूंची एकेकटी व एकत्र टोचणी करून रोग कोण घडवते हे पाहावे लागते. त्यानंतरच त्या विषाणूपुढे स्थानिक वाण, परभणी क्रांती आणि बाजारातले संकरित वाण तपासण्यात अर्थ आहे. या तपासणीत पिवळी झाडे मोजणे पुरेसे नाही. हिरव्या दिसणाऱ्या झाडांत विषाणू आहे की नाही, असल्यास किती, हेही मोजले पाहिजे. लक्षणे न दाखवणारे पण विषाणू बाळगणारे झाड शेजारच्या शेताला रोग देत राहते.

बियाण्याच्या पाकिटावर ‘केवडा प्रतिकारक’ एवढेच छापलेले असते. कोणत्या विषाणूविरुद्ध, कोणत्या भागात आणि कोणत्या रीतीने तपासून हे ठरवले, ही माहितीही तिथे छापली गेली पाहिजे, आणि शेतकऱ्यांनी ती मागितली पाहिजे.